अंगणातला ओक नक्की कुठला? (पान, साल, एकॉर्न बघून सांगा)

परसदार:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत एडिसनजवळ नव्या घरात येऊन दीड वर्ष झालं. मागच्या अंगणात एक भलंमोठं झाड आहे. ओक आहे एवढं नक्की, कारण गेले तीन आठवडे रात्रभर गॅरेजच्या छपरावर एकॉर्न पडतायत. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. पहिल्या रात्री त्यांना वाटलं कुणीतरी दगड मारतंय.

मुलाला शाळेसाठी पानांची वही करायची आहे. नुसतं 'ओक' लिहून चालणार नाही, कुठला ओक ते लिहायचंय. फोनमधल्या अ‍ॅपला तीन पानं दाखवली. पहिल्याला ते म्हणालं पिन ओक, दुसऱ्याला स्कार्लेट ओक, तिसऱ्याला नॉर्दर्न रेड ओक. तिन्ही पानं एकाच झाडाखाली उचललेली! मुलगा म्हणतोय तिन्ही नावं लिहून टाकू, एक तरी बरोबर येईल.

पान तळहातापेक्षा थोडं मोठं, कडेला खोल खाचा, प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला केसासारखा बारीक काटा. साल काळपट. झाड दोन मजली घराच्या वर सहज जातं. कुणाला कळतंय का? आणि एकॉर्नला मराठीत काय म्हणतात?

टवाळखोर:
ओक म्हटलं की मला आमच्या वाड्यातले ओक आजोबाच आठवतात. त्यांना ओळखायला पान-साल काही लागत नसे. जिन्यात खोकला ऐकू आला की आम्ही पत्ते लपवायचो.

सुपरफास्ट:
पिन ओक. डोळे झाकून सांगतो. न्यू जर्सीत रस्त्याकडेला जिथे तिथे पिनच लावलाय.

रानभूल:
डोळे झाकून ओक ओळखता येत नाही हो, तिथेच तर घोळ होतो.

परसदार, अ‍ॅपवर रागावू नका. मी पेनसिल्व्हेनियात राहते, रविवारी इथल्या एका उद्यानात लोकांना झाडं दाखवत फिरते, आणि दर वेळी हेच सांगते की ओकच्या बाबतीत पानाइतकं फसवं दुसरं काही नाही. एकाच झाडाच्या शेंड्यावरचं, उन्हातलं पान अरुंद आणि खोल कापलेलं असतं. त्याच झाडाचं खालचं, सावलीतलं पान पसरट, खाचा जेमतेम. दोन्ही शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटणार नाहीत.

पण पानावरून घराणं मात्र पक्कं कळतं. इथल्या ओकांची दोन मोठी घराणी आहेत, तांबडं आणि पांढरं. कंगोऱ्याच्या टोकाला तो केसासारखा काटा असला की तांबडं. पांढऱ्या घराण्यातल्या पानाचे कंगोरे गोल, बोटांच्या टोकांसारखे, काटा नाही. तुमच्याकडे काटा आहे, म्हणजे व्हाइट ओक, स्वॉम्प व्हाइट, बर, चेस्टनट ओक हे सगळे एका फटक्यात बाद.

तुमच्या भागात आता मुख्यतः चार नावं उरतात: नॉर्दर्न रेड, पिन, स्कार्लेट आणि ब्लॅक. यासाठी पान बाजूला ठेवा आणि एवढं बघून सांगा. एकॉर्न केवढा आहे, आणि टोपी त्याचा किती भाग झाकते? टोपीवरचे खवले घट्ट बसलेत की सुटे? झाडाच्या अगदी खालच्या फांद्या जमिनीकडे झुकल्यात, आडव्या आहेत की वर जातात? आणि एखादी डहाळी हाताला लागली तर तिच्या टोकाला कळ्यांचा झुबका दिसेल, त्या कळ्या गुळगुळीत आहेत की लव असलेल्या? (टोकाला कळ्यांचा झुबका ही झाड ओक असल्याचीच खूण. मेपलला असा झुबका नसतो.)

एकॉर्नला मराठीत रूढ शब्द नाही. आपल्या सह्याद्रीत मूळचा एकही ओक नाही, मग फळाला नाव कोण देणार?

घाटमाथा:
सह्याद्रीत नाही? मुळशीकडे एका बंगल्याच्या आवारात सिल्व्हर ओकची रांगच्या रांग आहे. आणि ते नाव तर रोज बातम्यांत असतं.

रानभूल:
सिल्व्हर ओक नावापुरताच ओक. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, ग्रेव्हिलिया रोबस्टा, घराणंच वेगळं. पान नेच्यासारखं चिरलेलं, फुलं केशरी-पिवळ्या ब्रशसारखी. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात. त्याला जन्मात एकॉर्न येणार नाही.

घाटमाथा:
अरेच्चा. मग मी खरा ओक पाहिलाय तो फक्त उत्तराखंडात. उखीमठहून चोपत्याकडे चढताना आमचा गाइड तीन नावं घेत होता: खाली बांज, मग मोरू, आणि वर बुरांशाच्या (लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जोडीला खरसू. मला तिन्ही सारखेच वाटले. त्याने फक्त पान उलटं करून दाखवलं. बांजाचं पान पाठीमागून पांढुरकं, राख फासल्यासारखं. मोरूचं दोन्हीकडून हिरवं आणि चकचकीत. खरसूचं जाड आणि पाठीला तपकिरी. म्हातारा म्हणाला, बांज आहे तिथे पाणी आहे, चीड (तिथला पाइन) आला की झरा आटला. त्याच्या गावातल्या बायका बांजाचा पाला गुरांना घालायला रोज डोंगर चढतात.

पण तिथली पानं तर साधी, दातेरी होती. असे कंगोरे-बिंगोरे काही नव्हते.

रानभूल:
वा, पान उलटं करणं ही फार कामाची सवय आहे. हिमालयातले हे ओक सदाहरित, त्यामुळे पानाचा घाटच निराळा. जगात ओकच्या चारशेहून जास्त जाती आहेत. विलो ओकचं पान तर सरळ वाळुंजासारखं लांबट, एकही खाच नाही, फक्त टोकाला तो एक केस. एकॉर्न दिसेपर्यंत कुणी ओक म्हणणार नाही.

खरसूची आणखी एक गंमत. त्याचं फळ ऐन पावसाळ्यात पिकतं आणि पुष्कळदा झाडावर असतानाच त्याला मोड येतो. कोवळ्या खरसूची पानं काटेरी आणि मोठ्या झाडाची बिनकाट्यांची, हे वेगळंच.

परसदार:
उत्तरं आणलीत. मध्ये दोन दिवस गेले कारण घरात एक प्रकरण झालं, ते आधी सांगते.

मुलाने ओंजळभर एकॉर्न स्टीलच्या डब्यात भरून ओट्यावर ठेवले होते. परवा सकाळी सासूबाईंनी रव्याचा समजून तो डबा उघडला, तर आत पांढऱ्या, गुबगुबीत, डोकं तपकिरी असलेल्या दहा-बारा अळ्या वळवळतायत. प्रत्येक एकॉर्नला अगदी गोल भोक, जणू ड्रिलने पाडलेलं. सासूबाई म्हणाल्या, "तांदळात बोरिक पावडर घालतेस ना गं?" तेव्हापासून घरातलं सगळं धान्य उन्हात आहे, आणि इथे ऊन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आता मुद्द्याचं. एकॉर्न दोन सेंटीमीटरला थोडा कमी. टोपी जवळजवळ अर्धा भाग झाकते. खवले वरून खाली येताना सुटे होत जातात, कडेला तर झालरच आहे. पण गंमत म्हणजे सगळे असे नाहीत! बरेचसे अगदी बुटके आहेत, काबुली चण्याएवढे, त्यांना बशीसारखी पातळ टोपी. ते वाढ न झालेले असतील का?

साल काळी, छोटे छोटे चौकोनी तुकडे पडल्यासारखी, हाताला खरबरीत. खालच्या फांद्या आडव्या. डहाळी मिळाली नाही.

सुपरफास्ट:
काबुली चण्याएवढा एकॉर्न आणि बशीसारखी टोपी म्हणजेच पिन ओक! पहिल्यापासून तेच म्हणतोय.

रानभूल:
सुपरफास्ट, अर्धं बरोबर.

परसदार, ते बुटके एकॉर्न नीट पिकलेलेच आहेत, फक्त ते तुमच्या झाडाचे नाहीत. कुंपणापलीकडे, वाऱ्याच्या दिशेला दुसरं झाड आहे का बघा. असं झाड, ज्याच्या मधल्या फांद्या आडव्या आहेत आणि सगळ्यात खालच्या चक्क जमिनीकडे उतरल्यात. ही पिन ओकची ठेवण शंभर फुटांवरून ओळखू येते. त्याच्या पानाच्या खाचा इतक्या खोल की पानापेक्षा मोकळी जागाच जास्त.

तुमच्या झाडाचा तो मोठा, झालरवाला. नॉर्दर्न रेडची टोपी चपटी, टाळूवर नुसती ठेवल्यासारखी, एकॉर्न मात्र चांगला टपोरा. म्हणून तो बाद. त्याची सालही वेगळी, काळ्या भेगांच्या मध्ये उभ्या गुळगुळीत पट्ट्या, इस्त्री फिरवल्यासारख्या. (न्यू जर्सीचा राज्यवृक्ष तोच आहे, १९५० पासून. कुठल्याही उद्यानात सापडेल, एकदा हात लावून बघा.) स्कार्लेटची टोपीही खोल असते, पण तिचे खवले घट्ट आणि चकचकीत, आणि एकॉर्नच्या टोकाभोवती बहुतेक वेळा कंपासने काढल्यासारखी एक-दोन वर्तुळं दिसतात. झालर फक्त ब्लॅक ओकला, क्वेर्कस वेलुटिना.

सालीचं तुम्ही जे वर्णन केलंत ते वाचून मला आपलं ऐनाचं झाड आठवलं. ब्लॅक ओकची जुनी साल अगदी ऐनासारखीच तडकते.

माझा कौल ब्लॅक ओकला. पण डहाळी मिळाल्याशिवाय मुलाला शाईने लिहू देऊ नका.

सुतारकी:
लाकूडवाला म्हणून दोन पैसे माझे. तांबड्या आणि पांढऱ्या घराण्यातला फरक लाकडातही आहे. रेड ओकची, लाकडाच्या रेषांच्या दिशेने बोटभर लांब, पट्टी कापून घ्या, एक टोक पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. बुडबुडे येतात! त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बंद होतात, त्यामुळे पाणी झिरपत नाही. व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची करतात ती त्यामुळेच.

टवाळखोर:
आला, धागा योग्य वळणावर आला.

हॅनोव्हरकरीण:
आमच्याकडे जर्मनीत दोनच मुख्य देशी ओक, आणि दोघांचीही पानं गोल कंगोऱ्यांची, त्यामुळे पहिली पाच वर्षं मी नुसतं 'आयखं' म्हणून वेळ मारून नेली. मग शेजारच्या आजींनी एका वाक्यात शिकवलं. देठ कुणाला आहे ते बघ. श्टीलआयखंच्या एकॉर्नला लांब देठ, पानाला जवळजवळ नाहीच, पान फांदीला चिकटलेलं आणि बुडाशी दोन छोटे कान. ट्राउबेनआयखंचं बरोबर उलटं, पानाला देठ आणि एकॉर्न फांदीलाच बिलगून झुपक्यात. इतकं सोपं! सेंटची नाणी काढून बघा, जर्मनीत पाडलेल्या १, २ आणि ५ सेंटच्या मागे ओकची डहाळी आहे. मी सुट्टे पैसे मोजताना अजून देठ शोधते.

रानभूल:
देठाची युक्ती इथेही चालते. स्वॉम्प व्हाइट ओकचे एकॉर्न असेच लांब देठावर लोंबतात. न्यू यॉर्कच्या ९/११ स्मारकाच्या चौकात चारशेहून अधिक झाडं लावलीत ती हीच. पान पाठीमागून पांढुरकं, घाटमाथांच्या बांजासारखं.

आजीचा_बटवा:
मी हा धागा वेगळ्याच कारणाने वाचतेय. बाळगुटीतलं मायफळ ओकचं असतं असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं का? म्हणजे ते वाळवलेलं एकॉर्नच का?

रानभूल:
ओकचंच, पण एकॉर्न नव्हे. खरं तर ते फळच नाही! पश्चिम आशियातल्या क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाच्या ओकच्या डहाळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते. झाड त्या जागेभोवती कडक गाठ तयार करतं, आत अळी वाढते. ती गाठ म्हणजे मायफळ. तुमच्या बटव्यातलं निरखून बघा, काहींना बारीक भोक दिसेल. तिथून माशी उडून गेली. ज्याला भोक नाही त्यातली आतच राहिली. टॅनिन इतकं ठासून भरलेलं की हिराकस घालून त्याची काळी शाई करत, युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची शाई बहुतेक हीच.

आजीचा_बटवा:
बाई बाई. सहाणेवर तीन वेढे दिलेत मी दोन्ही मुलांना. आता पस्तिशीच्या आहेत, त्यांना सांगत नाही.

परसदार:
थांबा, असल्या गाठी तर आमच्याकडेही पडल्यात! लिंबाएवढे, तपकिरी, कागदासारखे हलके गोळे. मुलाने एक फोडला तर आत भुसभुशीत, मधोमध एक दाणा. सासूबाईंना धागा वाचून दाखवला. त्यांनी एक गोळा उचलला, वास घेतला, "हे मायफळ नव्हे, फार हलकं आहे" म्हणाल्या आणि ठेवून दिला.

रानभूल:
सासूबाईंचं बरोबर. इथल्या गाठी वेगळ्या माशीच्या, पोकळ, गुटीच्या कामाच्या नाहीत. झाडाला त्यांचा फारसा त्रास नसतो, घाबरू नका.

आणि त्या अळ्या भुंगेऱ्याच्या. मादी लांब सोंडेने कोवळ्या एकॉर्नला भोक पाडून आत अंडं घालते. अळी आतला गर खाऊन बाहेर पडते आणि मातीत शिरते. तांदळात त्या जात नाहीत, धान्य आत घ्या. पुढच्या वेळी एकॉर्न आधी पाण्यात टाका. तरंगले ते बहुतेक किडके, बुडाले ते ठेवा.

चकली:
हे एकॉर्न खातात का?

रानभूल:
तसेच नाही, कडू जहर लागतात. फोडून, कुटून, पाणी बदलत बदलत कडूपणा काढावा लागतो. इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याचं पीठ करत आले. पांढऱ्या घराण्यातले कमी कडू असतात, आणि ही गोष्ट खारींना आपल्याआधीपासून माहीत आहे. व्हाइट ओकचा एकॉर्न पडल्यावर थोड्याच दिवसांत मूळ सोडतो, म्हणून खार तो लगेच खाते, नाहीतर त्याचा कोंब कुरतडून मग पुरते. तांबड्या घराण्यातला थंडी काढून वसंतात रुजतो, म्हणून तो हिवाळ्यासाठी पुरून ठेवते. तुमच्या अंगणात दुसऱ्याच्या झाडाचे एकॉर्न येतात त्यात वाऱ्याइतकाच खारींचाही हात.

सुपरफास्ट:
एक शंका, खोचकपणे नाही. तांबडं-पांढरं पान नसताना ओळखायचं असेल तर? म्हणजे नुसता एकॉर्न हातात आहे.

रानभूल:
छान प्रश्न. एकॉर्न फोडा आणि कवचाच्या आत बोट फिरवा. मखमलीसारखी लव लागली तर तांबडं, गुळगुळीत असेल तर पांढरं. आणि डहाळीवर बघायला मिळालं तर आणखी एक खूण आहे. तांबड्यांचा एकॉर्न पिकायला दोन वर्षं घेतो. त्यामुळे आता, ऑक्टोबरात, गेल्या वर्षीच्या काडीवर पिकलेले आणि यंदाच्या काडीवर मोहरीएवढे, पुढच्या वर्षीचे, असे दोन्ही एकदम दिसतात. पांढऱ्यांचा एकाच मोसमात उरकतो.

न्यू जर्सीच्या सुपरफास्टांनी व्हाइट ओक मात्र मुद्दाम बघून यावा. राखी साल, पापुद्रे सुटलेले. बास्किंग रिजच्या चर्चच्या आवारातला, सहाशे वर्षांचा मानला जाणारा, २०१७ साली वठल्यामुळे काढावा लागला. सेलमचा जुना २०१९ च्या जूनमध्ये आपणहून कोसळला. मी दोन्ही पाहिले होते. बास्किंग रिजच्या झाडाखाली उभं राहिलं की फांद्यांना दिलेले टेकू दिसायचे, म्हाताऱ्याला दोघांनी धरून उभं करावं तसे.

परसदार:
काल रात्री वादळ झालं आणि एक फांदी लॉनवर येऊन पडली. मनगटाएवढी जाड, पानांसकट. आमच्याच झाडाची, तुटलेली जागा खालून दिसतेय.

कळ्या: टोकाला चार-पाच, मोठ्या, टोकदार, कडा असलेल्या, आणि वरून करड्या लोकरीने झाकलेल्या. काडीवर ते मोहरीएवढे बाळ एकॉर्नही सापडले! पान उलटं केलं (घाटमाथा, धन्यवाद), शिरा फुटतात तिथे बारीक तपकिरी लव. फांदीवरच्या पानांच्या खाचा मुलाने जमिनीवरून उचललेल्या पहिल्या पानाइतक्या खोल नाहीतच. ते पान कुंपणापलीकडच्या झाडाचं होतं. तिथे खरंच खाली झुकलेल्या फांद्यांचा ओक आहे. शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, आम्ही वीस वर्षं त्याला मेपल समजत होतो.

रानभूल:
लोकरीच्या कळ्या. झालं तर मग! पिनच्या कळ्या लहान आणि गुळगुळीत असतात, नॉर्दर्न रेडच्या तांबूस आणि चकचकीत, स्कार्लेटच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पांढरट लव. अख्खी कळी करड्या लोकरीची म्हणजे ब्लॅक.

आता फांदी हातात आहेच तर शेवटची परीक्षा घ्या. उभ्या झाडावर ही कधी करू नका, पण पडलेल्या फांदीला चालेल. चाकूने वरची काळी साल खरवडा आणि आतली बघा. काय रंग दिसतो ते मी सांगत नाही.

परसदार:
हळद!!

सासूबाईंनीच खरवडली, विळीवर, माझा चाकू त्यांना बोथट वाटला. वरचा काळा पापुद्रा गेला आणि खाली एकदम पिवळा, नारिंगीकडे झुकणारा रंग. मुलगा म्हणाला, "आजी, झाडाला हळद लावली होती?" बोटांना लागलेला पिवळा डाग धुवायला वेळ लागला.

रानभूल:
तो रंग विकला जायचा. अठराव्या शतकापासून ब्लॅक ओकची ही आतली साल दळून युरोपात पाठवत आणि कापड पिवळं रंगवत. जिभेला लावून बघू नका, फार कडू.

परसदार:
उशीर झाला, सासूबाईंनी लावून बघितली. "काडेचिराईत बरा" म्हणाल्या.

वहीत एक पान आमच्या ब्लॅक ओकचं, फांदीवरून तोडलेलं, आणि समोरच्या पानावर शेजारच्या पिनचं. खाली मुलाने त्याच्या भाषेत लिहिलंय की ही दोन झाडं वेगळी आहेत. मधल्या जागेत सालीचा पिवळा तुकडा चिकटवलाय. सगळ्यांचे आभार, सुपरफास्ट यांचेही, पिन ओक होताच की.

सुपरफास्ट:
हेच तर म्हणत होतो.

टवाळखोर:
आमच्या ओक आजोबांचीही साल एकदा कुणीतरी खरवडून बघायला हवी होती. वरून फार काळे होते, पण दिवाळीत आम्हा सगळ्या पोरांना लवंगी फटाक्यांची माळ तेच आणून द्यायचे.